ओळखीची मान

माणसाचं तोंड खोटं बोलतं, मान बोलत नाही. एकतीस वर्षं नांत्वेन या आमच्या कोळशाच्या खाणीच्या गावात केस कापून मी एवढं एकच शिकलो. गावातल्या निम्म्या पुरुषांची तोंडं मला धड आठवत नाहीत, पण मागून दिसला की कोण, कुणाचा, कुठल्या गल्लीतला, सगळं सांगेन. याच गुणापायी आमच्या रग्बी क्लबाने मला, इदवल प्रॉसर न्हाव्याला, कमिटीत घेतलं. नाहीतर उभ्या जन्मात ज्याने चेंडू हातात धरला नाही त्याला कमिटीत कोण विचारतं? मला घेतलं ते हेरगिरीसाठी. कमिटी त्याला देखरेख म्हणायची. नाव काहीही द्या, घाण ती घाणच.

आमचा खेळ पंधरांचा, म्हणजे युनियनचा. उत्तरेला, इंग्रजांच्या गिरण्यांच्या गावांत खेळतात तो तेरांचा, लीगचा. साठ-बासष्ट वर्षांपूर्वी दोन्ही एकच होते. शनिवारी खेळायला गेलं की मजुरी बुडते, तेवढी तरी भरून द्या, असं तिथल्या कामगारांनी म्हटलं आणि साहेब लोकांच्या कपाळाला आठ्या पडल्या. तिथून दोन चुली झाल्या. तेव्हापासून आमचा खेळ सोवळ्यातला आणि त्यांचा बाटलेला. त्यांच्या मैदानावर एकदा पाय टाकला, पैसे घेतले असोत वा नसोत, की माणूस जन्मभर वाळीत. मग युनियनमध्ये खेळायचं नाही, क्लबात बसायचं नाही, आणि आमच्या नांत्वेनमध्ये तर मैदानाच्या फाटकातूनसुद्धा आत यायचं नाही. खून करून तुरुंगातून सुटलेल्या माणसाला आम्ही आत घेतलं असतं. एक तर आमच्या स्क्रममध्ये, दोन्ही बाजूंचे आठ-आठ जण वाकून भिडतात त्या घोळक्यात, दुसऱ्या रांगेत होताच.

लीगवाले आमच्याकडच्या पोराला पैसे देऊन घेण्याआधी एखाद्या सामन्यात पारखून बघायचे. छापील यादीत त्याचं खरं नाव आलं तर तो घरी पोचायच्या आत बाटायचा, म्हणून त्याच्या जागी ‘दुसरा एक’ असं छापायचे. पोरगं कपाळाला बँडेज गुंडाळून, कधी मिशी चिकटवून उतरायचं. आणि असल्या ‘दुसरा एक’ची मान ओळखायला आमचे अध्यक्ष ट्रेहर्नसाहेब मला गाडीत बसवून द्यायचे. गाव कोणतं, तारीख कोणती, सगळं तेच सांगायचे. तीन जणांची नावं मी अशी आणून दिली होती. त्यातल्या एकाची म्हातारी मला बघितलं की अजून रस्त्यावर थुंकते. थुंकू दे. तिच्या जागी मी असतो तर तोंडावर थुंकलो असतो.

आता आमच्या सोवळ्याचंही सांगतो. घरचा सामना असला की ट्रेहर्नसाहेब माझ्या खिशात घडी घातलेल्या नोटा सरकवायचे. पोरं मैदानावर असताना मी कपडे बदलायच्या खोलीत जायचो आणि चांगल्या खेळाडूंच्या बुटांत एकेक नोट कोंबायचो. ओले मोजे, घाम, चामडं, कुणाच्या पायाच्या भेगांना लावलेलं मलम, या सगळ्या वासात मी बोटं घालायचो. घरी येऊन कितीदा हात धुतले तरी जेवताना तो वास नाकात यायचा. पोरांना ठाऊक होतं, कमिटीला ठाऊक होतं, बोलायचं कुणीच नाही. रविवारी चॅपलच्या दानपेटीत त्यातलीच एखादी नोट पडायची आणि ट्रेहर्नसाहेब डोळे मिटून प्रार्थना सांगायचे. आपण हसे लोकाला, शेंबूड आपल्या नाकाला, ही आमची सगळी नीतिमत्ता.

फेब्रुवारीतल्या एका गुरुवारी माझा भाचा गेथिन दुकानात आला. माझ्या बहिणीचा, ओल्वेनचा, एकुलता एक. तेवीस वर्षांचा. त्याचा बाप ज्या खाणीत गेला त्याच खाणीत तो कोळसा फोडायचा, आणि शनिवारी बारा नंबरची जर्सी घालून आमच्या मैदानावर पळायचा. त्याला जिवंत बघायचं असेल तर शनिवारीच बघावं. एरवी तो घुम्यासारखा असायचा.

खुर्चीत बसत म्हणाला, “मामा, जरा नीट काप. शनिवारी एका ठिकाणी जायचंय.” शनिवारी आम्हाला सामना नव्हता. मी म्हटलं, पोरगी कुठल्या गावची? तो कानापर्यंत लाल झाला. मी ती लाली पोरीच्या नावावर मांडली आणि मनापासून कात्री चालवली. त्याच्या मानेवर डावीकडे खाली एक भोवरा आहे, तिथले केस उलटे वर चढतात. बापाचाही तसाच होता. भोवऱ्याच्या खाली कोळसा जखमेत राहून पडलेली निळी रेघ. मी त्याला चिडवत होतो, तो हसला, आणि वस्तरा सरकून भोवऱ्यापाशी जरासं कापलं. तुरटी फिरवली आणि पाठवून दिलं.

शनिवारी मी रॅमशॉला होतो, ट्रेहर्नसाहेबांच्या हुकमावरून.

रॅमशॉचं वर्णन काय करायचं. आमच्याकडे धूर दरीत अडकतो, त्यांच्याकडे तो सपाटीवर लोळतो, एवढाच फरक. मैदानाबाहेर एक बाई गाईचं शिजवलेलं पोट व्हिनेगर शिंपडून कागदात विकत होती आणि माणसं ते पांढरं, लिबलिबीत फडकं उभ्याउभ्या चघळत होती. बरंच झालं, मी म्हटलं. शत्रूच्या गावात जाताना जरा शिसारी आलेली बरी असते, काम सोपं होतं.

पण खेळाने घोटाळा केला. आमच्या खेळात अर्धा वेळ चेंडू सोळा माणसांच्या ढिगाखाली असतो आणि बघणारा चिखलाने माखलेली ढुंगणं मोजत बसतो. उरलेला अर्धा वेळ तो रेषेबाहेर जातो आणि मग दोन रांगा करून त्याच्यासाठी उड्या मारायच्या. इथे रांगाबिंगा नाहीत. दोन माणसं कमी, त्यामुळे मोकळी जागा. पाडलेला माणूस उठतो, टाचेने चेंडू मागे सारतो, खेळ पुढे चालू. एकदा चेंडू मिळाला की सोडतच नाहीत, हा एक कंटाळा आहे त्यात. पण चेंडू दिसतो हो. माझ्या शेजारच्या कामगाराच्या पंजावर कोळशाच्या निळ्या रेघा होत्या, माझ्या भावाच्या पंजावर आहेत तशाच. ज्यांना बाटलेले म्हणून नाक मुरडायचं ते हे, आणि ज्यांच्या वतीने मुरडायचं ते गुबगुबीत हाताचे ट्रेहर्नसाहेब. मला खेळाचा राग आला नाही, याचाच राग आला.

‘दुसरा एक’ बारा नंबरच्याच जागी होता. कपाळापासून कानाखालपर्यंत बँडेज. पहिली दहा मिनिटं तो माझ्याकडे तोंड करून होता आणि मला काही कळलं नाही. मग चेंडूसाठी मागे पळाला. मान दिसली. उलटे चढलेले केस, निळी रेघ, आणि तिच्या वर गुरुवारची लाल खपली. माझ्याच वस्तऱ्याची.

पोरगं माझ्याकडेच केस कापायला आलं होतं. ज्याचं काम मान ओळखून नाव सांगायचं, त्याच्याच पुढे, लीगच्या साहेबांसमोर नीटनेटकं दिसावं म्हणून, मान वाकवून बसलं होतं. असला मूर्खपणा आमच्या नांत्वेनमध्येच होतो. मी हेरगिरीला जातो हे गावाला माहीत होतं. त्यालाही होतं. पण मामा तो मामा, असं त्याच्या डोक्यात असावं.

तो वाईट खेळला. दोनदा चेंडू हातातून सुटला. पडल्यावर उठून चेंडू मागे द्यायचा असतो हे अंगवळणी नव्हतं, तो आमच्यासारखा ढिगाची वाट बघत पडून राहायचा. शेवटी माझ्यामागच्या एका म्हातारीने मला विचारलं, “तुमच्याकडचाच दिसतोय ना तो? बिचारा. त्याला सांगा, उठायचं असतं.”

सामन्यानंतर तो मला मुतारीच्या भिंतीपाशी सापडला. बँडेज सोडून हातात गुंडाळत होता. मला बघून पळाला नाही.

“कधी आलास मामा?”

“पहिल्यापासून आहे.”

“म्हणजे सुटलेले चेंडू बघितलेस.”

“दोन्ही.”

त्याने हसल्यासारखं काहीतरी केलं आणि भिंतीला टेकला. म्हणाला, “त्यांनी नको म्हटलं. सामन्याआधी एक हॅटवाला माझ्या मांड्या चाचपत होता, बाजारात बैलाच्या चाचपतात तशा, तोंडसुद्धा उघडायला लावलं. सामन्यानंतर म्हणाला, हाडं हलकी आहेत, आणि गाडीभाडं हातावर ठेवलं.” हे लोक तरी कुठे धुतल्या तांदळाचे. आमचे नोट बुटात लपवतात, यांचे उघड्यावर माणूस चाचपतात. दोघांच्या मध्ये माझा भाचा मुतारीच्या वासात उभा होता.

कुणी पाठवलं तुला, मी विचारलं. तो सांगेना. बायबलवर हात ठेवायला लावलाय म्हणाला. मी म्हटलं, मी तुझ्या आईचा भाऊ आहे.

“ट्रेहर्नसाहेबांनी,” तो म्हणाला. “म्हणाले, तुझ्या बापाला खाणीतून काढता आलं नाही, तुला काढतो. मला यांनी घेतलं असतं तर साहेबांना त्यांचा हिस्सा होता. तो काय, सगळेच एजंट घेतात.”

मला गाव आणि तारीख कोण सांगतं, ते मी तुम्हाला आधीच सांगितलंय. चारही वेळा त्यांनीच सांगितलं होतं, आणि त्यांना ते कुठून कळतं असं मी चारही वेळा विचारलं नव्हतं. पोरगं विकलं गेलं तर हिस्सा. नाही विकलं गेलं तर ते परत येऊन बोलेल, म्हणून साक्षीदार आधीच पाठवून ठेवायचा, वाळीत टाकायचं, मग त्याच्या बोलण्याला विचारतो कोण. तो साक्षीदार मी. मी तिथेच भिंतीवर थुंकलो.

“मामा, तू सांगणार नाहीस ना?” गेथिन म्हणाला. “इथलं गेलं, त्याचं काही नाही. पण गावातलं खेळणंही गेलं तर मग नुसती खाणच उरते.”

मी त्याच्या खांद्यावर हात ठेवून म्हटलं, पुढच्या शनिवारी तू नेहमीच्या जागी खेळशील. शब्द दिला मी. परतीच्या गाडीत आम्ही वेगवेगळ्या डब्यांत बसलो, आणि सोमवारी म्हणायचं वाक्य मी वाटेत पाठ केलं. ‘कोणी ओळखीचं नव्हतं.’ तीन शब्द. पोपटालाही जमले असते.

सोमवारी सहाला कमिटी बसली. सात जण. ट्रेहर्नसाहेबांनी मला तोंड उघडूच दिलं नाही. त्यांच्यापुढे एक कागद होता, त्यावर गेथिन बेनन हे नाव आधीच लिहिलेलं, खाली साक्षीदाराच्या सहीची रिकामी ओळ. म्हणाले, मोठ्या दुःखाची गोष्ट आहे, इदवलच्या घरातलाच मुलगा, पण इदवलने कर्तव्यात कधी आपपरभाव केला नाही.

मी विचारलं, “साहेब, तुम्हाला नाव कुठून कळलं? मी तर अजून सांगितलं नाही.”

सगळे टेबलाकडे बघत होते, आणि त्यांच्या बघण्यावरून मला कळलं की हे इथे एकट्या मलाच नवीन होतं. त्या क्षणी त्या सहा जणांच्या माना मी बघितल्या. कॉलरवर लोंबलेल्या, गुलाबी, मीच दर पंधरा दिवसांनी पावडर लावलेल्या. आयुष्यभर या मांसाला हात लावत आलो, असं वाटून मी हात मांडीखाली घेतले.

ट्रेहर्नसाहेब रागावले नाहीत. अगदी मऊ आवाजात म्हणाले, “इदवल, बुटांत बोटं कुणाची होती? माझी नाही. वरच्या मंडळाला कुणी एक शब्द कळवला तर फाटकाला कुलूप लागेल. पंधराच्या पंधरा पोरं बाटलेली ठरतील. तुझा गेथिनसुद्धा त्यातच. मग तू वाचवलंस कुणाला?”

तेवढ्यात ओल्वेन चहा घेऊन आली. कमिटीचा चहा तीच करायची, जर्सीही तीच धुवायची. तव्यावरचे मनुक्यांचे केक तिने टेबलावर ठेवले. ट्रेहर्नसाहेबांनी दोन उचलले, एक तोंडात अख्खा कोंबला आणि भरल्या तोंडाने म्हणाले की ओल्वेनसारखा हात अख्ख्या दरीत नाही. ती खूश झाली. म्हणाली, “गेथिनची कॉलर उसवली होती, ती शिवून ठेवलीय शनिवारसाठी.” आणि माझ्या कपात दोन चमचे साखर घालून ती आत गेली.

साहेबांनी ओठावरचा कण जिभेने टिपला आणि कागद माझ्याकडे सरकवला.

मी सही केली.

कारणं मी नंतर पुष्कळ जमवली. क्लब वाचला, चौदा पोरं वाचली, एवीतेवी त्यांनी दुसरा कुणी साक्षीदार उभा केलाच असता. सगळी खरी आहेत आणि सगळ्यांना बुटातल्या नोटेचा वास येतो. खरं कारण एवढंच की सहा माणसं माझ्याकडे बघत होती आणि मी भित्रा आहे.

मंगळवारी सकाळी दुकान उघडायला गेलो तर दारात पंधरा जर्सींचा ढीग होता. मागच्या सामन्यातल्या, तशाच चिखलाच्या, घामाने आंबलेल्या. नाही, चौदाच होत्या, शिवलेली तिने ठेवून घेतली होती. चिठ्ठीबिठ्ठी काही नव्हती. त्या मीच धुतल्या. तीनदा पाणी बदललं तरी काळंच निघत होतं. ओल्वेन त्या दिवसापासून माझ्याशी बोललेली नाही.

गेथिन दोन गुरुवार आला नाही. तिसऱ्या गुरुवारी आला. बाकावर दोन गिऱ्हाइकं होती, ती उठून निघून गेली, वाळीत टाकलेल्याबरोबर बसायला नको म्हणून की माझ्याबरोबर, कोण जाणे. तो खुर्चीत बसला आणि त्याने मान वाकवली. मी चादर बांधली.

“नेहमीसारखेच?” मी म्हटलं.

“नाही. या खेपेला असे कापा की मागून कुणाला ओळखू येणार नाही.”

मी कात्री खाली घेतली. तो आरशात बघत नव्हता, स्वतःच्या गुडघ्यांकडे बघत होता.

“शनिवारी घरचा सामना आहे,” तो म्हणाला. “मला बघायचाय. फाटकातून टोपी ओढून जाईन. पण आत गेल्यावर मान दिसते. आणि तुम्ही कमिटीच्या बाकावर सगळ्यांच्या मागे बसता.”

तेवीस वर्षांत तो मला पहिल्यांदा अहो-जाहो करत होता. त्यात चीड असती तर मला बरं वाटलं असतं. बँकेतल्या कारकुनाशी बोलावं तसा तो बोलत होता.

मी कापले. भोवरा पार निघून जाईपर्यंत वर चढवले, कानामागची धार बदलली, त्याच्या बापाचं जे काही तिथे होतं ते सगळं जमिनीवर पडलं. निळी रेघ तेवढी जाईना. तिच्यावर पावडर थापली, तरी दिसत होती. मी माझा मफलर खुंटीवरून काढून दिला. त्याने तो घेतला नाही, स्वतःचा गुंडाळला. जाताना फळीवर केस कापायचे पैसे ठेवले. त्याच्याकडून मी कधी घेतले नव्हते.

शनिवारी मैदानात फार तर चारशे माणसं असतील. सगळ्यांच्या टोप्या सारख्या, कोट सारखे. मी कमिटीच्या बाकावर ट्रेहर्नसाहेबांच्या शेजारी बसलो होतो. न बघायचं ठरवलं होतं, पण एकतीस वर्षांची सवय. सामना सुरू व्हायच्या आत मला तो सापडला. डावीकडे, खांबापाशी, चौथ्या रांगेत. मफलर कानापर्यंत.

उत्तरार्धात आमच्या नव्या बारा नंबरकडे उंच चेंडू आला. त्या पोराला अंदाज नव्हता. चौथ्या रांगेत एक माणूस आपोआप उभा राहिला, दोन्ही हात पुढे केले, जणू चेंडू त्याच्याचकडे येतोय. मफलर घसरला. खाली चेंडू सुटला, लोक ओरडले, तो मात्र तसाच उभा राहिला, रिकामे हात पुढे करून, मान उघडी.

ट्रेहर्नसाहेब माझ्याकडे झुकले. त्यांच्या तोंडाला केकचा वास येत होता.

“काय इदवल, ओळखीचं कोणी आहे का तिकडे?”

“नाही साहेब,” मी म्हटलं. “कोणी ओळखीचं नाही.”

त्या सोमवारी मला एवढंच म्हणायचं होतं.